लव्होनचे तेरा महिने

पुस्तक हातात आल्यावर लव्होन शिमान्स्कीने आधी महिने मोजले. बारा भरले. तिने पुन्हा मोजले, या वेळी एकेका नावावर बोट ठेवून. बाराच.

मार्चमधला शनिवार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी निवत चालली होती आणि कागद गिरणीचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास खिडकीच्या फटीतून नेहमीसारखा आत येत होता. लव्होनने पहिलं पान उलटलं. 'ब्रेनिकचं राज्य. लेखक : ड्वेन बुख्होल्झ.' खाली बारीक अक्षरांत नकाशे काढणाऱ्याचं नाव, चित्रं काढणारीचं नाव. आणि त्याखाली, 'कालगणना : ड्वेन बुख्होल्झ.'

"मेल्या," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला घरात कोणी नव्हतं, पण तिला मोठ्यानेच म्हणायचं होतं. "तुला तुझ्या बायकोचा वाढदिवस धड आठवत नाही. कालगणना म्हणे!"

लव्होन गिरणीत पाळ्या लावायची. विस्कॉन्सिन नदीकाठच्या त्या गावात सहाशे माणसं गिरणीत होती आणि कोण कधी दिवसपाळीला, कोण कधी रातपाळीला, हे बावीस वर्षं तिच्या पेन्सिलीने ठरत आलं होतं. पाळ्यांचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं. अठ्ठावीस दिवसांनी प्रत्येक माणूस परत आपल्या जागी. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा आठवडा आला की सहाशेपैकी पाचशे जणांना रजा हवी असायची, तेव्हाही यंत्रं थांबली नव्हती. हे कसं जमतं असं कोणी विचारलं नाही. पाळीचा कागद भिंतीवर लागायचा, लोक आपलं नाव बघायचे, एखादी शिवी घालायचे आणि निघून जायचे.

फासे टाकून गोष्ट खेळायचं खूळ गावात ड्वेनने आणलं, अठ्ठ्याहत्तर साली. ड्वेन कागद सुकवण्याच्या यंत्रावर होता. बोलघेवडा, दाढीवाला, भरघोस हसणारा. बोलिंगच्या गाळ्यावर युनियनची खोली होती, तिथे तो माणसं जमवून बसवायचा. टेबलावर फासे, कागद, बिअर. ड्वेन सूत्रधार. तो सांगायचा की तुम्ही ब्रेनिक नावाच्या राज्यात आहात, समोर दलदल आहे, काय करता? मग कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मंत्र जाणणारी बाई होऊन आपापलं काय ते करायचं आणि पुढे काय घडलं ते फाशांवर ठरायचं. लव्होनचा नवरा रे तिथे होडीवाला झाला होता. "आयुष्यभर यंत्राच्या आवाजात काढलं," तो म्हणायचा, "आता जरा पाण्यावर बसतो." त्याच्यामुळे लव्होनही जाऊ लागली.

पण पाळ्यांमुळे सगळे एका दिवशी जमायचे नाहीत. म्हणून तीन टोळ्या झाल्या. मंगळवारची, शुक्रवारची आणि रविवारी चर्चनंतरची. राज्य एकच, सूत्रधार एकच. आणि एका शुक्रवारी व्हायचं तेच झालं. शुक्रवारची टोळी जकातनाक्याच्या कप्तानाबरोबर जेवायला बसली असताना दोन्ही टोळ्यांत खेळणारी, शाळेची बस चालवणारी मार्लिस थोरसन मध्येच म्हणाली, "थांबा. या कप्तानाला आम्ही मंगळवारी मारलाय."

"मग हा कोण जेवतोय?" रे म्हणाला.

"त्याचा भाऊ असेल," ड्वेन म्हणाला.

"रविवारीही भाऊच होता, त्याआधीही भाऊच," मार्लिस म्हणाली. "त्याच्या आईने किती कप्तान घातलेत?"

सगळे हसले. लव्होन हसली नाही. तिने पर्समधून पाळीचा कोरा कागद काढला आणि विचारलं, "मंगळवारची टोळी नाक्यावर किती दिवस चालून पोहोचली? आणि ही?" ड्वेनला सांगता येईना. तिने तिथेच, माशांच्या ताटल्या बाजूला सारून, अठ्ठावीस चौकोन आखले. एक महिना. वर्षाचे तेरा.

त्या दिवसापासून ब्रेनिकमध्ये काळ चालू लागला. तलवारीची जखम भरायला सोळा दिवस, म्हणजे सोळा दिवस. तोवर त्या माणसाने खाटेवर पडून राहायचं. दलदल ओलांडायला नऊ दिवस. घोडा विकत घेतलास तर त्याच्या चाऱ्याची सोय कुठे? लोक सुरुवातीला कुरकुरले, मग त्यांना त्याची चटक लागली. मंगळवारच्या टोळीने पूल जाळला की तीन दिवसांनी शुक्रवारची टोळी जळक्या खांबांपाशी येऊन शिव्या घालायची. असा खेळ आसपासच्या चार गावांत कुठे नव्हता.

महिन्यांची नावं तिनेच ठेवली. वर्ष सुरू व्हायचं बर्फफुटीने. मग कोकरी, मग चिखलवाट. सहावा मधकापणी. आणि शेवटचा, तेरावा, रिकामी कोठी. हिवाळा सरत आलेला, धान्य संपलेलं, नवं यायला अजून अवकाश. "असला महिना कशाला?" ड्वेनने तेव्हा विचारलं होतं. लव्होन म्हणाली होती, "कारण ते खातात ना तिथे? मग एका महिन्यात कमी खात असतील."

चंद्रही दोन दिले. थोरला अठ्ठावीस दिवसांचा, दर महिन्याच्या चौदाव्या दिवशी पुरा. धाकटा पस्तीस दिवसांचा, मन मानेल तसा उगवणारा. पण एकशेचाळीस दिवसांनी, पाच महिन्यांनी, दोघे एकाच दिवशी पुरे भरायचे. तो दिवस आला की टेबलाभोवती माणसं गप्प व्हायची.

एक्याऐंशी साली रे गेला. फुप्फुसं साथ देईनात, आठ महिने अंथरुणाला होता. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनी ठरवलं की ब्रेनिकमधला होडीवालाही गेला. लव्होनने वहीत लिहिलं, 'रिकामी कोठी, नववा दिवस. होडी बंद.' तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी तिथे कोणी नदी ओलांडायचं नाही असा रिवाज पडला. कितीही घाई असो, शत्रू पाठीशी असो, काठावर मुक्काम. नवीन आलेला कुरकुरला तर मार्लिस त्याच्याकडे नुसतं बघायची.

आणि हा खेळ पुस्तकात छापणाऱ्या शिकागोच्या कुठल्या कंपनीने तो महिनाच काढून टाकला होता.

शुक्रवारी लव्होन बोलिंगच्या गाळ्यात गेली तेव्हा ड्वेन काउंटरवर तळलेला मासा आणि बटाट्याचं सॅलड घेऊन बसला होता, आणि दोघांना पुस्तकावर सही करून देत होता. तिला बघून त्याने हात पसरले.

"अगं ये! मिळालं ना पुस्तक? कसं वाटलं?"

"माझी वही कुठाय?"

"आहे ना. कंपनीकडे आहे. येईल."

"तू म्हणालास, नुसती चाळायला नेतो."

"चाळलीच की!"

"चाळून बारा महिने केलेस? तीस-तीस दिवसांचे?"

ड्वेनने दाढी खाजवली. "ते मी नाही, ट्रेंटने केलं. ट्रेंट कॅलवे, आमचा संपादक. तो म्हणाला, तेरा ऐकलं की लोक बिचकतात. बारा सोपे पडतात. आणि शेवटचा महिना जरा रडका आहे, असंही म्हणाला."

"रडका!" लव्होनचा आवाज इतका चढला की तीन नंबरच्या पट्टीवर चेंडू सोडणारा माणूस वळून बघू लागला. "आणि माझं नाव? तेही रडकं होतं?"

"लव्होन, हे बघ. ब्रेनिक माझं आहे. तू फक्त तारखा लिहायचीस."

शेजारी बसलेल्या मार्लिसने काटा खाली ठेवला. "ड्वेन," ती म्हणाली, "तू आता गप्प मासा खा."

तारखा लिहायचीस! बावीस वर्षं गिरणीतले साहेब हेच म्हणत आले होते. पाळ्यांचं काय, कागदावर नावं तर टाकायची! ती दोन आठवडे रजेवर गेली होती त्या उन्हाळ्यात एकाच यंत्रावर दोन पाळ्या हजर आणि दुसऱ्यावर कोणीच नाही, अशी गत झाली होती. तेव्हाही कोणी तिचं नाव काढलं नाही. साहेबांनी सूचनांची फळी बदलली.

तिने कोट उचलला. ती दाराकडे निघाली तेव्हा ड्वेन मागून म्हणाला, "आज वर येतेस ना? ब्रेनिकमध्ये आज तारीख काय आहे?"

"पुस्तकात बघ," ती म्हणाली.

तिने कंपनीला पत्र लिहिलं. सरळ, टाइप केलेलं, मुद्देसूद. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'प्रिय वाचक, आमच्या प्रकाशनात रस दाखवल्याबद्दल आभार.' सोबत प्लास्टिकच्या पुडीत एक निळा फासा. लव्होनने तो फासा कचऱ्यात टाकला, मग परत काढून पत्राला चिकटपट्टीने चिकटवला आणि आणखी एक पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

मग तिने पुस्तक वाचायला घेतलं. आधी रागापोटी पहिल्या पानांपुढे गेलीच नव्हती. त्यात शेवटी एक मोहीम दिली होती, मीठबुरुजाची. तीही त्यांचीच, ऐंशी साली तिन्ही टोळ्यांनी मिळून खेळलेली. बर्फफुटीच्या चौदाव्या दिवशी दोन्ही चंद्र एकदम पुरे भरतात, बुरुजावर अक्षरं उमटतात, आणि त्यांत लिहिलेलं असतं की मधकापणीच्या चौदाव्या दिवशी, पुन्हा दोन्ही चंद्र पुरे असताना, दार उघडेल. मधल्या काळात किल्ली शोधायची. ट्रेंटने हे सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं. चंद्रही तेच, अठ्ठावीस आणि पस्तीस दिवसांचे. फक्त महिने तिसाचे केले होते.

लव्होनने पेन्सिल उचलली. दहा मिनिटांनी ती खुर्चीत मागे रेलली आणि पहिल्यांदा हसली. ते हसणं काही बरं नव्हतं.

"मार्लिस," तिने फोनवर सांगितलं, "ते दार उघडतच नाही."

"कुठलं दार? गॅरेजचं?"

"बुरुजाचं! त्यांच्या हिशेबाने ते कधीच उघडत नाही. या वर्षी नाही, पुढच्या नाही, हजार वर्षांत नाही."

मार्लिस म्हणाली, "ऑगस्टमध्ये त्यांचं ते संमेलन आहे ना मिलवॉकीजवळच्या कॉलेजात? शाळेला सुट्टी आहे. माझी गाडी रिकामीच उभी असते."

संमेलन म्हणजे दोन हजार पोरं आणि बाप्ये, घामाचा वास, प्रत्येक खोलीत फाशांचा खडखडाट. बायका बोटांवर मोजण्याइतक्या. दारावरच्या माणसाने लव्होनला विचारलं, "मुलाला घ्यायला आलात का?" ती त्याच्याजवळून सरळ आत गेली. तिने चर्चला जाताना घालायचा निळा ड्रेस घातला होता आणि काखेत पुस्तक होतं.

'आपलं जग कसं रचावं' या विषयावर ट्रेंट कॅलवे बोलत होता. तिशीचा, तपकिरी कोट, गोड आवाज. व्यासपीठावर त्याच्या शेजारी ड्वेन बसला होता. लव्होन दिसताच ड्वेन पाण्याच्या पेल्याकडे बघू लागला, ते बघतच राहिला. बोलणं संपलं, प्रश्न विचारा म्हणाले, आणि लव्होन उभी राहिली.

"मीठबुरुजाचं दार कधी उघडतं?"

ट्रेंट हसला. "वा! ते आत्ताच सांगितलं तर मजा जाईल हो."

"मी सांगते. कधीच उघडत नाही."

थोडी हसाहस झाली. "मिसेस..."

"शिमान्स्की."

"मिसेस शिमान्स्की, छापलंय की तिथे. मधकापणी, चौदावा दिवस."

"दोन्ही चंद्र पुरे असताना, असंही छापलंय. खडू आहे का?" ती कोणाची वाट न बघता पुढे गेली आणि फळ्यापाशी उभी राहिली. "दोन्ही चंद्र एकत्र येतात एकशेचाळीस दिवसांनी. तुमचे महिने तिसाचे. म्हणजे चार महिने आणि वीस दिवस. पहिली भेट पहिल्या महिन्यात चौदा तारखेला. दुसरी सहाव्या महिन्यात, पण चार तारखेला. चौदाला थोरला चंद्र जवळजवळ संपलेला असतो. तिसरी चोवीसला. चौथी पुन्हा चौदाला, पण महिना कुठला? पुढच्या वर्षीचा तिसरा. मग तशीच पाचवा, सातवा, नववा, अकरावा आणि परत पहिला. चौदा तारीख येते ती फक्त विषम महिन्यांत. मधकापणी सहावा आहे. खेळणारे म्हातारे होतील, त्यांची नातवंडं म्हातारी होतील, दार बंद ते बंदच."

हसू थांबलं होतं. दुसऱ्या रांगेतला चष्मेवाला एक माणूस वहीत भराभर आकडे मांडत होता. त्याने मान वर केली. "बाई बरोबर सांगतायत," तो म्हणाला. "आम्ही पाच महिने ती किल्ली शोधतोय!"

"अहो, पण हा खेळ आहे," ट्रेंट म्हणाला. "सूत्रधाराला वाटलं तर त्याने दार उघडावं. इतकं काटेकोर कोण बघतं?"

"मग छापलं कशाला?" लव्होन म्हणाली. "कोणी बघणार नव्हतं तर माझे तेरा महिने होते तसे राहू द्यायचे होते. त्यांत ते दार उघडत होतं. आम्ही उघडलंय. तुम्ही सोपं करायला गेलात, आणि जे चाललं होतं ते मोडून ठेवलंत."

"तुमचे महिने?" चष्मेवाल्याने विचारलं. "पुस्तकात तर मिस्टर बुख्होल्झ..."

सगळ्या माना ड्वेनकडे वळल्या. ड्वेनने घसा साफ केला. हाच माणूस टेबलावर बसला की राजे, राक्षस, भिकारी, सगळ्यांच्या तोंडून घडाघडा बोलायचा. आता म्हणाला, "म्हणजे... ते आम्ही सगळ्यांनी मिळून केलं होतं."

लव्होनने खडू ठेवला. ट्रेंटचा तिला राग आला होता, पण तो परका माणूस. ड्वेनने रेची शवपेटी खांद्यावर घेतली होती. तिला पुष्कळ बोलता आलं असतं. नवव्या दिवसाबद्दल बोलता आलं असतं. पण ते या लोकांच्या कानांवर घालायचं नव्हतं. ती रांगांमधून सरळ चालत बाहेर गेली, आणि मागून मार्लिस, जी जाता जाता ड्वेनला सगळ्यांदेखत म्हणाली, "आजपासून मंगळवारची टोळी विसर."

ते खरंच झालं. मंगळवारची टोळी मार्लिसच्या घरी, लव्होनच्या कागदावर खेळू लागली. ऑक्टोबरात रविवारचे लोक आले. ड्वेनकडे शुक्रवारचे चौघे उरले, आणि त्यांच्यातही दर वेळी भांडणं. एकाची जखम एका दिवसात भरली आणि दुसऱ्याची भरेना. एका बाईने सांगितलं की तिची आणि ड्वेनच्या राजाची भेट तो जन्मायच्या आधीच झाली आहे.

डिसेंबरात ड्वेन तिच्या दारात उभा राहिला. हातात वही होती. तिची वही, कोपरे दुमडलेले, कुणीतरी कॉफी सांडलेली.

"शिकागोला जाऊन आणली," तो म्हणाला.

"टपालाने आली असती."

"लव्होन, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"हो."

"ट्रेंट शेजारी बसला होता. पहिल्यांदाच कोणी मला लेखक म्हणत होतं. गिरणीत कोण काय म्हणतं आपल्याला?"

"मला काय म्हणतात ते ठाऊक आहे ना तुला?" लव्होन म्हणाली. "आणि तूच मला तारखा लिहिणारी म्हणालास."

तिने त्याला आत घेतलं, कारण बाहेर उणे पंधरा होतं, पण कॉफी विचारली नाही. त्याला टेबलाशी बसवलं, समोर टाइपरायटर ठेवला आणि म्हणाली, "लिही कंपनीला. मी सांगत नाही, तूच लिही." ड्वेनने दोन बोटांनी टाइप करत एक पानभर लिहिलं. तेरा महिने कोणाचे, दोन चंद्र कोणाचे, नववा दिवस कशाचा, सगळं. शेवटी लिहिलं की दुरुस्ती झाली नाही तर माझंही नाव काढा. लव्होनने वाचून दोन चुका दाखवल्या. त्या त्याने दुरुस्त केल्या.

त्याला तिने माफ केलं का? गावातले लोक विचारायचे. शुक्रवारी ती परत बोलिंगच्या गाळ्यावर जाऊ लागली, एवढं खरं. ड्वेनच्या समोर बसायची, शेजारी नाही. आणि सूत्रधार काही म्हणाला की तिच्याकडे बघायचा, ती मान हलवेपर्यंत पुढे जायचा नाही.

पुढच्या हिवाळ्यात पुस्तकाची नवी आवृत्ती आली. महिने तेरा. अठ्ठावीस दिवसांचे. रिकामी कोठी शेवटी, आणि तळाला एक ओळ : 'नवव्या दिवशी होडी बंद असते.' लव्होनने ती ओळ बराच वेळ वाचली. मग पहिलं पान उघडलं.

'कालगणना : लॅव्हर्न शिमान्स्की.'

"लॅव्हर्न!" ती ओरडली. "लॅव्हर्न कोण? माझी नणंदसुद्धा लॅव्हर्न नाही!"

तिने पत्र लिहिलं नाही. पत्रांचं काय होतं ते तिला कळून चुकलं होतं. तिने पर्समध्ये काळ्या शाईचं पेन टाकलं. त्यानंतर मॅडिसनला डॉक्टरकडे गेली, ग्रीन बेला बहिणीकडे गेली, कुठेही गेली तरी खेळांचं दुकान दिसलं की आत शिरायची, फळीवरची पुस्तकं एकेक करून उघडायची आणि पहिल्या पानावर 'लॅव्हर्न' खोडून वर स्वच्छ अक्षरात बरोबर नाव लिहायची.

ओशकॉशच्या दुकानातला माणूस धावत आला. "अहो बाई! विकत न घेतलेल्या पुस्तकावर लिहिता येत नाही!"

"दुसऱ्याचं नाव चुकीचं छापता येतं का?" लव्होनने मान वर न करता विचारलं. "अजून चार प्रती आहेत. मागे आणखी असतील तर घेऊन या."